मातीचा हार, भिवंडीमार्गे

लातूरच्या बाईंचा फोटो आला तेव्हा योगिनी पोळ्या लाटत होती. हात पिठाने भरलेले, म्हणून तिने मनगटानेच फोन उजेडाकडे फिरवला आणि पाहिलं. तिने केलेला कमळाच्या पाकळ्यांचा हार होता. म्हणजे पाकळ्या होत्या, हार नव्हता. खाली एवढंच लिहिलेलं, 'ताई, आता हा घालायचा कसा?'

बाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या माणसाला काहीतरी उत्तर देता येतं. योगिनीने तव्यावरची पोळी उलटली तोवर ती करपली होती. तिने ती स्वतःच्या ताटासाठी बाजूला ठेवली आणि एका बोटाने उत्तर लिहिलं, 'दुसरा करून पाठवते.' असं लिहायची तिला आता सवयच झाली होती.

ती भाजल्या मातीचे दागिने करायची. डोंबिवलीजवळच्या कोपरला, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, हॉलच्या खिडकीशी. माती चाळायची, मळायची, पातळ लाटून पाकळ्या कापायच्या, सावलीत वाळवायच्या, मग डबा भरून कल्याणच्या कुंभारवाड्यात न्यायच्या आणि तिथल्या भट्टीत भाजून आणायच्या. त्यानंतर रंग, त्यानंतर ओवणं. हे सगळं तिला येत होतं, आवडतही होतं. येत नव्हतं ते पाठवायला. दागिना घरातून बाहेर पडला की समोरच्याचा निरोप येईपर्यंत ती सारखा फोन उघडून बघायची.

धंद्याची दुसरी बाजू सोनल सांभाळायची. सोनल योगिनीची नणंद, ठाण्याला राहायची. इन्स्टाग्रामवर फोटो टाकणं, ऑर्डरी घेणं, फोनवरून कुरिअर बुक करणं, सगळं तिच्याकडे. वर्षभरात दोघींनी कुरिअरवाले किती बदलले याचा हिशेब राहिला नव्हता. एकाचा खोका भिजून यायचा. दुसरा वॉचमनकडे टाकून जायचा आणि वॉचमन म्हणायचा, माझ्याकडे काही नाही. तिसऱ्याने 'पोहोचलं' म्हणून दाराचा फोटो पाठवलेला, ते दार भलत्याच कुणाचं होतं. पोस्टात नेऊन दिलेल्या वस्तू बहुधा नीट जायच्या, पण तिथे रांगेत सकाळ जायची आणि इकडे फडक्याखालची माती वाळून बसायची.

"वहिनी, घरी येऊन घेऊन जातायत ना? मग कशाला पोस्टाचा ताप?" सोनल म्हणायची. "वर 'नाजूक' असं मोठ्ठं लिहायचं."

त्यावर विनीत एकदाच बोलला होता. विनीत योगिनीचा नवरा. खाडीपलीकडे, भिवंडीच्या बाजूला, माणकोलीच्या पुढे गोदामांची जी रांग लागते तिथल्या एका कुरिअर कंपनीत तो सुपरवायझर होता. गावोगावचे खोके तिथे येतात, फिरत्या पट्ट्यावरून सरकतात आणि वेगवेगळ्या गाड्यांत जातात. जेवता जेवता तो म्हणालेला, "काहीही लिहा. वाचायला कुणाला वेळ आहे?" आणि थोड्या वेळाने, "आमच्याकडे मात्र टाकू नका."

"का रे?"

"नका टाकू, एवढंच."

त्याने पुढे काही सांगितलं नाही आणि तिनेही खोदून विचारलं नाही. पहाटे उठून जाणारा माणूस, घरी येईपर्यंत त्याच्या अंगात बोलायला काही उरायचं नाही. तिच्याही नसायचं. दोघं एकमेकांशी भाजीबद्दल, पाण्याबद्दल, गॅसबद्दल बोलायची आणि झोपायची.

अशात सेसिलियाबाईंची ऑर्डर आली. बाई ठाण्याच्या, चर्चच्या मागच्या जुन्या गल्लीतल्या. मुलीचं, स्वीडलचं लग्न होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे वाजतगाजत विहिरीवरून पाणी आणतात, उंबराचं पाणी म्हणतात त्याला. त्या दिवशी नवरीला लुगडं नेसवायचं आणि लुगड्यावर घालायला त्यांना मातीचाच हार हवा होता, उंबराच्या पानांचा, चांगला लांब. पानं कशी असतात ते दाखवायला बाईंनी झाडाचे फोटो पाठवले. योगिनीने त्या हारावर जीव ओतला. पानांच्या शिरासुद्धा सुईने कोरल्या. रंग वाळवून, ओवून, कागदाच्या कात्रणात निजवून तिने खोका बंद केला आणि सोनलने बुक केलेला पोरगा येऊन तो घेऊन गेला. कोणत्या कंपनीचा, हे तिने विचारलंच नाही. सोनलनेही पाहिलं नव्हतं. ती ज्या ॲपवरून बुक करायची, त्यात जो स्वस्त असेल तो आपोआप निवडला जायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. योगिनी तेव्हा वाळत घातलेल्या पाकळ्या उलट्या करत होती.

"विनीत यांच्या मिसेस का? मी साकेत बोलतोय, गोदामाच्या ऑफिसमधून. तुम्हाला जरा यावं लागेल."

तिच्या डोळ्यांपुढे आधी गाडी आली, मग पट्ट्यात सापडलेला हात. "काय झालं त्यांना?"

"त्यांना काही नाही झालं. गेटवर त्यांच्या बॅगेत पार्सल मिळालंय. ते म्हणतात, तुमचं आहे."

रिक्षावाला खाडीवरच्या नव्या पुलावर यायला आधी कुरकुरत होता, मग आला. योगिनीने वाटेत सोनलला फोन लावला. सोनल आधी चिडली, मग घाबरली, मग म्हणाली, "ठाण्याहून निघतेच मी." बुकिंग सोनलच्या नावावर होतं, हे तेव्हा योगिनीच्या ध्यानात आलं. म्हणजे आपलं पार्सल आपलं आहे, हेसुद्धा आपल्याला सिद्ध करता येणार नाही.

ऑफिस म्हणजे गोदामाच्या कोपऱ्यात काचा लावून केलेली खोली होती. बाहेर पट्ट्याची घरघर चाललेली. साकेत तिशीच्या आतला, गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांखाली काळं. त्याने योगिनीला खुर्ची दिली. विनीत भिंतीशी उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. टेबलावर तिचा खोका होता, एक कोपरा पार आत गेलेला. वर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'नाजूक आहे, कृपया सांभाळून'.

"अक्षर माझं आहे," योगिनी म्हणाली.

"सेंडर म्हणून दुसऱ्याच बाईंचं नाव आहे. ठाण्याचा पत्ता."

"ती माझी नणंद. येतेय ती."

सोनल धापा टाकत आली, फोन उघडून बुकिंग दाखवलं, आपलं आधार दाखवलं आणि भिंतीशी उभ्या भावाला म्हणाली, "दादा, अरे काय केलंस हे?"

विनीतने खाकरून घसा साफ केला. "पट्ट्यावर आलेला. वर हिचं अक्षर दिसलं. उचलला तर आतून खुळखुळ ऐकू आली." तो साकेतशी बोलत होता, पण बघत होता खोक्याकडे. "आठवडाभर खिडकीत बसून करत होती सर. म्हटलं, हा असाच पुढे गेला तर त्या बाईंच्या घरी उघडणार, मग फोटो येणार. त्यापेक्षा घरी नेतो, ही दुरुस्त करेल, मी स्वतः ठाण्याला देऊन येईन. एवढंच आलं डोक्यात."

"डॅमेज म्हणून नोंद केली असती, तर मीच परत पाठवला असता तुमच्याकडे."

"किती दिवसांनी?" योगिनीने विचारलं.

साकेत म्हणाला, "लागतात आठ-दहा दिवस. कधी जास्तही."

"शनिवारी घालायचाय त्यांना."

"मॅडम, उद्या प्रत्येकजण म्हणेल, माझ्या बायकोचं होतं, माझ्या भावाचं होतं. मी काय करायचं?" हे तो रागाने म्हणाला नाही. त्याचंही खरंच होतं, हे योगिनीला कळत होतं आणि म्हणूनच तिला जास्त थकल्यासारखं वाटलं.

सोनलच्या संमतीने त्याने खोका कापला. सिक्युरिटीवाला मोबाईलवर सगळं शूट करत होता. कात्रणं बाजूला झाली. मधलं मोठं पदक शाबूत होतं. पानं मात्र एकमेकांवर आपटून फुटलेली, काहींचे नुसते देठ दोऱ्यात राहिलेले. सिक्युरिटीवाल्याने वाकून पाहिलं आणि त्याला हसू आवरलं नाही. "साब, ये तो मिट्टी का है."

साकेतनेही एक तुकडा उचलून बोटांत फिरवला. "ह्याच्यासाठी?" तो विनीतला म्हणाला. "ह्याच्यासाठी नोकरी घालवायला निघालेलास?"

विनीतने मान खाली घातली. योगिनीला वाटलं, काहीतरी बोलावं. कुंभारवाड्याच्या खेपा सांगाव्यात, सुईने कोरलेल्या शिरा दाखवाव्यात. पण तिने तुकडे गोळा करायला घेतले. सोनलने पुढे होऊन बाकीचे वेचले. एक पान टेबलाखाली गेलेलं, ते विनीतने वाकून काढलं आणि बायकोच्या ओंजळीत ठेवलं.

शेवटी ठरलं ते असं. पोलिसात द्यायचं नाही. विनीतने माफी लिहून द्यायची. सुपरवायझरकी गेली, उद्यापासून पट्ट्यावर, हमालांच्या जोडीला. साकेत म्हणाला, "वरून विचारणा झाली की मला काहीतरी दाखवावं लागतं. हे सगळ्यात कमीत कमी आहे." खोका सोनलच्या सहीने परत मिळाला.

सोनल ठाण्याकडे गेली. ही दोघं रिक्षाने परत निघाली. पुलावर वारा होता आणि खाडीचं पाणी ओहोटीने मागे सरलेलं, खारफुटीच्या मुळ्या उघड्या पडलेल्या. योगिनीने खोका मांडीवर घेतला होता.

"मला फोन का नाही केलास?"

"फोन आत नेऊ देत नाहीत. लॉकरला असतो."

"मग राहू द्यायचा होतास तो खोका. फुटला तर फुटला."

विनीत बाहेर बघत राहिला. "दिवसभर मीच ओरडतो गं पोरांवर. टाका, लवकर टाका, गाडी सुटतेय. हळू टाका असं एकदाही नाही म्हणालो. म्हणूनच बोललेलो, आमच्याकडे नका टाकू." थोडं थांबून म्हणाला, "आज अचानक तुझं अक्षर समोर आलं. मी काय करतोय ते मला कळलंच नाही."

योगिनीला त्याच्यावर रागवायचं होतं. उद्यापासून पगार कापला जाईल, तो ओझी उचलेल, कंबर धरून घरी येईल, हे सगळं तिला दिसत होतं. पण रागालाही ताकद लागते. तिने खोका मांडीवरून उचलून दोघांच्या मधे ठेवला आणि डोकं मागे टेकवलं.

नवी पानं करायला वेळ नव्हता; ओली माती घाईने वाळवली की तडकते. पण मागच्या भाजणीतली थोडी जास्तीची पानं तिच्या डब्यात पडून होती, न रंगवलेली. त्यांत शिरा नव्हत्या. तिने ती रंगवायला काढली. विनीत पट्ट्यावरून आला की टेबलफॅन पुढ्यात घेऊन बसायचा आणि एकेक पान चिमट्यात धरून वाळवायचा. त्याचे तळवे सोललेले. ती म्हणायची, झोप आता. तो म्हणायचा, एवढी होऊ देत. जुनी उरलेली आणि ही नवी मिळून हार झाला, पण पहिल्यापेक्षा बराच आखूड झाला.

शुक्रवारी ती तो स्वतः घेऊन ठाण्याला गेली. सोनल तिला तिथे भेटली. सेसिलियाबाईंच्या दारात मांडव पडला होता, आत बायका मसाल्याच्या वासात काहीतरी तळत होत्या. बाईंनी हात पुसले, हार घेतला आणि आपल्याच छातीशी धरून पाहिला.

"फोटोत बेंबीपर्यंत होता गो."

"हो. तेवढा उरला नाही." योगिनीने मग सगळं सांगितलं. गेटवर काय झालं तेही. सोनल तिला कोपराने ढोसत होती, कशाला सांगतेस म्हणून, पण योगिनीला आता काही झाकायचा कंटाळा आला होता.

बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि मला एक फोन नाय करायचा? कोपर काय लंडनला हाय? अगो बाय, माझा होणारा जावई, ऑलिव्हर, डोंबिवलीचाच. एक दिवसाआड येतो इथे. हातात पिशवी दिली असती तर आणला असता की त्याने!"

योगिनीला हसू फुटलं, पण ते हसू मधेच कुठेतरी अडकलं आणि डोळ्यांतून आलं. बाईंनी तिला मांडवातल्या खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं. आतून स्वीडलला हाक मारली. पोरीने घरातल्या कपड्यांवरच हार घातला, आरशात पाहिला आणि म्हणाली, "मम्मी, हा बरा. लांब असता तर पाण्याच्या कळशीला अडकला असता." बाईंनी हाराची पुरी किंमत दिली. योगिनीने कमी घेते म्हटलं, तर त्या ऐकेनात.

सोनलच्या घरी चहा झाला तेव्हा योगिनी म्हणाली, "आता ठरवून टाकू. पोस्टानेच पाठवायचं. आठवड्यातून दोनदा, काउंटरवर आपण स्वतः उभं राहून. आणि लांब हार, मोठे झुमके पाठवायचेच नाहीत. ज्याला हवे त्याने येऊन न्यावेत, नाहीतर कुणाच्या हाती मागवावेत."

"ज्याला त्याला यायला जमणार आहे का, वहिनी? अशाने धंदा होत नाही."

"कमी होईल."

"मग मी एवढी ऑर्डरींमागे धावते ती कशाला?"

"तू धावतेस म्हणून तर चाललंय, सोनल. पण तुटलेल्याचे फोटो मला येतात. मला आता बघवत नाहीत ते."

सोनलने कप उचलून आत नेले आणि बराच वेळ नळ सोडून ते धुवत राहिली. निघताना ती दाराशी आली नाही. योगिनी घरी पोहोचली तेव्हा मात्र फोनवर त्यांचं इन्स्टाग्रामचं पान बदललेलं दिसलं. लांब हारांच्या फोटोंखाली लिहिलं होतं, 'फक्त हातोहात'. बाकी निरोप काही नव्हता.

विनीतच्या सुट्टीच्या दिवशी दोघांनी खोके करून पाहिले. प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळायचा, पुठ्ठ्याला दोऱ्याने शिवून टाकायचा म्हणजे हलणार नाही, तो लहान खोक्यात, आणि लहान खोका मोठ्या खोक्यात, मधे चहूबाजूंनी कागदाचे बोळे. आत फुकट गेलेली पानं घातली. योगिनी म्हणाली, "आता टाक."

"कसा?"

"तिथे टाकता तसा."

तो जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहिला. आणि त्याने खोका न बघता, मनगटाच्या एका झटक्याने, बाजूला भिरकावला. खोका भिंतीवर आपटून खालच्या मजल्यावर गेला. त्यात राग नव्हता, जोरही नव्हता. बटण दाबावं तितक्या सहज केलं त्याने ते. योगिनी त्या हाताकडे बघत राहिली. खालच्या भावनाताईंनी दार उघडून विचारलं, "काय पडलं हो?" तिने "काही नाही" म्हणून सांगितलं आणि खोका वर आणला. पहिल्या खेपेला दोन पानं गेली होती. त्यांनी बोळे वाढवले. पुढच्या खेपेला एक गेलं. नंतरच्याला काही गेलं नाही. विनीत तरी पुन्हा पुन्हा खोका कानाशी धरून हलवून बघत होता, खुळखुळ येते का म्हणून.

पुढल्या आठवड्यात पोस्टाची पिशवी विनीतनेच उचलली. योगिनी म्हणाली, तुझी सुट्टी आहे, मी जाते. तो म्हणाला, तू माती मळ. दुपारी तो परत आला, पावत्या टेबलावर ठेवल्या, "बाई चांगली होती, हळू ठेवले खोके तिने," एवढं सांगितलं आणि हॉलमध्ये जमिनीवरच आडवा झाला, उशीसुद्धा न घेता. क्षणात घोरायला लागला.

खोके आता कुठेतरी निघाले असतील. नीट जातील की नाही, कुणाला माहीत. योगिनीने अर्धवट लाटलेली माती गोळा केली, ओल्या फडक्याखाली झाकली, हात धुतले. पंखा एक खटका वाढवला आणि विनीतच्या शेजारी, फरशीच्या गारव्यावर, तीही पाठ टेकून पडली.